मोर्गेदालचा सुतार

चंद्रपूरच्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध रसवंतीपुरता. उसाच्या रसात पडतो तो एक बर्फ आणि लग्नसराईत भुशात गुंडाळून पोत्यातून येतो तो दुसरा. मे महिन्यात पारा सेहेचाळीसच्या पुढे गेला की आम्ही खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून गप्प पडून राहतो. अशा गावात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने साठी उलटल्यावर गुलमर्गला जाऊन पायांना स्की बांधाव्यात, हा निव्वळ वेडेपणा. तो मी केला. निमित्त नातवाच्या हट्टाचं.

पहिल्या तासात किती वेळा पडलो ते मोजलं नाही, नातवाने मोजलं. तिथला तरुण प्रशिक्षक मोठा सोशिक होता. गुडघे किंचित वाकवा, अंगाचं वजन पुढे ठेवा, नजर पायांकडे नको, जायचं आहे तिकडे ठेवा, असं तो पुन:पुन्हा सांगत होता. थांबायचं असेल तर दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची. कौलारू छपरासारखा आकार होतो, आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मोडतो. बर्फ सारणाऱ्या फाळावरून याला स्नोप्लाऊ म्हणतात. वळण्याचं गणित मात्र उलटं. उजवीकडे वळायचं तर भार डाव्या पायावर द्यायचा. तेहेतीस वर्षं नावे-जमा केलेल्या माणसालाही हे चटकन उमगेना.

पण मला खरी मौज वाटली ती बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची. चालताना, वळताना ती पाय सोडत नाही. माणूस वाईट पडला तर मात्र आपणहून सुटते. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? घरी परतल्यावर याच प्रश्नाचा माग काढत पुस्तकं चाळली आणि एका गरीब सुतारापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव सोंद्रे नॉरहाइम.

नॉर्वेच्या दक्षिण भागात टेलिमार्क नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या मोर्गेदाल या खेड्यात १० जून १८२५ रोजी ओव्हरबो नावाच्या लहानशा घरात सोंद्रेचा जन्म झाला. घर कुळाचं. जमीन मालकाची, तिच्या तुकड्यावर झोपडं बांधून राहायचं आणि मालकाच्या शेतावर राबायचं, अशी ती रीत. ‘नॉरहाइम’ हे त्याचं घराण्याचं नावही नव्हे. पुढे तो ज्या जागेवर कूळ म्हणून राहिला तिचं ते नाव. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तसंच. १८५४ मध्ये रान्नेई नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. मुलंबाळं झाली. शेती बेताची, म्हणून सुतारकाम आणि मिळेल ती मजुरी.

स्की ही काही त्याने शोधलेली वस्तू नव्हे. उत्तरेकडची माणसं हजारो वर्षं पायांना फळ्या बांधून बर्फावरून चालत आली आहेत. मुळात ‘स्की’ या शब्दाचा अर्थच चिरलेल्या लाकडाचा तुकडा. आपल्याकडे रोवणीच्या बांधीत पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तसाच तो भुसभुशीत बर्फात रुततो. लांब फळी बांधली की वजन पसरतं आणि माणूस वर तरंगतो. आमच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात पोरं बांबूच्या गेड्यांवर चढून चिखल ओलांडत. युक्ती वेगळी, पण गरज एकच: ऋतू अडवतो, तर झाडाकडून पाय उसने घ्या.

जुन्या स्कीला फक्त बोटांपाशी एक पट्टा असे. सपाटीवर ठीक, पण उतारावर पाय मागेपुढे सरके आणि उडी मारली तर फळी एकीकडे, माणूस दुसरीकडे. त्यामुळे लोक एका लांब काठीवर रेलून, तिचाच ब्रेक करत जपून उतरत. सोंद्रेने झाडाच्या लवचिक मुळ्या आणि फोका पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. टाच उचलता येई, पण फळी पायाला सोडून जाईना. दुसरी सुधारणा स्कीच्या आकारात. त्याने मध्यभागी कमरेसारखी बारीक आणि टोकांकडे रुंद अशी स्की घडवली. अशी स्की कडेवर कलती केली की ती आपणहून कमानीत वळते. सरळ फळीला वळवावं लागतं; ही भार ओळखून वळते.

या दोन गोष्टींनी काठीची गरज संपली आणि शरीर मोकळं झालं. एक पाय पुढे, मागचा गुडघा वाकलेला, जणू देवापुढे अर्धवट बसल्यासारखं; या वळणाला पुढे टेलिमार्क हेच नाव मिळालं. दोन्ही स्की जोडीने ठेवून एका झोकात वळण्याला क्रिस्तियानिया म्हणू लागले. ‘स्लालम’ हा शब्दही याच मुलखातला. ‘स्ला’ म्हणजे उतरण, ‘लोम’ म्हणजे बर्फात उमटलेली वाट. उताराची वाट, एवढाच साधा अर्थ. शेतात राबणाऱ्या माणसांनी रविवारच्या खेळाला ठेवलेली ही नावं आज जगभरच्या प्रशिक्षकांच्या तोंडी आहेत.

१८६६ मध्ये शेजारच्या होयदाल्समो गावी झालेल्या स्पर्धेत सोंद्रे पहिला आला. दोन वर्षांनी, १८६८ मध्ये, राजधानी क्रिस्तियानियात स्पर्धा ठरली. हेच शहर आज ऑस्लो म्हणून ओळखलं जातं. मोर्गेदालपासून अंतर सुमारे २०० किलोमीटर. गाडीभाड्याला पैसे कुठले? सोंद्रे आणि त्याचे सोबती स्कीवरूनच निघाले आणि तिसऱ्या दिवशी पोचले. तो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. खेळाडू म्हणून निवृत्त व्हायचं वय. काठीवर न रेलता भरधाव उतरून, उडी घेऊन, झोकात वळून थांबणारा हा खेडूत शहराने पाहिला आणि पहिलं बक्षीस त्याच्याच पदरात पडलं.

यापुढची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. कला गावाबाहेर पडली आणि कारागीर गावातच राहिला. मोर्गेदालच्याच हेम्मेस्टव्हाइट बंधूंनी १८८१ मध्ये राजधानीत स्की शिकवण्याची शाळा काढली. १८८८ मध्ये फ्रिटयॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. त्याचं पुस्तक वाचून मध्य युरोपातल्या लोकांना स्कीचं वेड लागलं. आल्प्सच्या तीव्र उतारांवर ऑस्ट्रियाच्या हान्स श्नायडरने स्नोप्लाऊपासून क्रिस्तियानियापर्यंत पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत बसवली. गुलमर्गला माझ्या वाट्याला आली ती तिचीच पहिली पायरी. स्लालमला झेंड्यांच्या फाटकांची आधुनिक शर्यत करून दिली आर्नल्ड लन या इंग्रजाने, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन इथे. लनचा जन्म आपल्या मद्रासचा, १८८८ चा! १९६५ मध्ये अमेरिकेत एका बापाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यातून पुढे स्नोबोर्ड आला. त्यावर आडवं उभं राहून पंजाच्या नाहीतर टाचेच्या कडेवर वळायचं असतं. त्या फळीलाही कंबर असते, सोंद्रेने घडवलेल्या स्कीला होती तशीच.

आणि सोंद्रे? १८८४ मध्ये, साठी जवळ आलेली असताना, तो बायको-मुलांसह अमेरिकेला निघाला. हौसेने नव्हे. त्या काळी नॉर्वेतली हजारो गरीब कुटुंबं जमिनीच्या आशेने समुद्र ओलांडत होती, त्यांतलंच हे एक. आधी मिनेसोटा, मग नॉर्थ डाकोटा. तिथे जमीन मिळाली. पण ती कशी, तर हात फिरवावा तशी सपाट. हिवाळाभर बर्फच बर्फ आणि उतार मात्र नाही. ज्याने जगाला उतरायला शिकवलं, त्याला उरलेलं आयुष्य सपाटीवर काढावं लागलं. तरीही त्याने दाराशेजारी आपल्या स्की उभ्या करून ठेवल्या होत्या, असं सांगतात.

९ मार्च १८९७ रोजी तो वारला. डेन्बी गावाजवळच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं, पण कबरीवर नावाचा दगड काही आला नाही. तो यायला १९६० चं दशक उजाडलं. त्याआधी, १९५२ मध्ये, ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरलं. तेव्हा ज्योत ग्रीसमधून आणली नाही. ती मोर्गेदालच्या ओव्हरबो घरातल्या चुलीत पेटवली आणि ९४ स्कीपटूंनी हातोहात राजधानीला नेली. १९६० च्या अमेरिकेतल्या हिवाळी ऑलिंपिकलाही तिथूनच ज्योत गेली. ज्या चुलीपाशी एका कुळाचं पोर शेकत बसलं असेल, तिचा हा मान.

हे सगळं वाचताना मला राहूनराहून एक जुना अर्ज आठवत होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांनी मी त्या बाजूच्या एका शाखेत अधिकारी होतो. गरिबांना कर्ज द्यायची सरकारी योजना जोरात होती आणि आम्हाला आकडा गाठायचा होता. एक बुरड यायचा. टोपल्या, सुपं विणणारा, हात विलक्षण. त्याला मिटवून ठेवता येईल अशी बांबूची खुर्ची करायची होती. दोन महिने टोपल्या बंद ठेवून तो खटाटोप करायचा, तर घर चालायला पैसे हवे होते. म्हशीला, शेळ्यांना, शिलाई मशीनला योजनेत रकाना होता. सुचलेल्या गोष्टीला नव्हता. मी त्याला म्हैस घ्यायला लावली. त्याने निमूटपणे अंगठा दिला. पुढच्या उन्हाळ्यात म्हैस मेली, कर्ज थकलं, आणि वसुलीला त्याच्या दारात मीच उभा राहिलो. नियमाबाहेर मी काही केलं नव्हतं. तरी ते दार अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

गेल्या पावसाळ्याआधी त्या रस्त्याने जाणं झालं, म्हणून मुद्दाम गाडी थांबवली. बुरड वारून बरीच वर्षं झाली होती. सुनेने ओळख विचारून पाणी दिलं आणि पडवीत बसायला बांबूची खुर्ची पुढे केली. घामाने, वापराने काळपट झालेली, पण सांध्यात कुठे करकर नाही. मी उठून ती उलटीपालटी करून पाहू लागलो, तेव्हा तिने हसून ती माझ्या हातून घेतली, एका हाताने मिटवली आणि दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.