वॉटर्लूची अख्खी लढाई त्याने टेबलावर मांडली, पण प्रशियन फौज कुठे उभी करायची यावरून घोडं अडलं

ऑक्टोबर १८३८. लंडनच्या पिकाडिली भागातल्या इजिप्शियन हॉलमध्ये एक नवं प्रदर्शन सुरू झालं. तिकीट एक शिलिंग. आत गेलं की समोर चारशे चौरस फुटांच्या आसपास पसरलेला एक भलामोठा देखावा. शेतं, बांध, झाडं, वाड्यांसारखी शेतघरं, आणि त्यात रंगवलेले जवळपास ७५ हजार चिमुकले सैनिक. उंची जेमतेम एक सेंटिमीटर. कथील आणि शिसं ओतून बनवलेले.

ही वॉटर्लूची लढाई होती. १८ जून १८१५ ची संध्याकाळ, सातच्या सुमाराची. नेपोलियनची नावाजलेली इम्पीरियल गार्ड शेवटचा हल्ला चढवते आणि मागे रेटली जाते, नेमका तो क्षण.

जवळपास एक लाख लोकांनी हा देखावा पाहिला. तो बनवणाऱ्या विल्यम सायबोर्नचं कर्ज मात्र काही फिटलं नाही. आणि ज्या माणसाची वाहवा त्याला सगळ्यात जास्त हवी होती, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन या देखाव्यावर शेवटपर्यंत नाराजच राहिला.

वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. तिथून बारा वर्षांनी तो नेपोलियनसमोर उभा होता, आणि त्यानंतर आयुष्यभर वॉटर्लूचा विजेता म्हणून मिरवला. पुढे देशाचा पंतप्रधानही झाला. अशा माणसाच्या लढाईला हात घालणं सोपं नव्हतं.

सायबोर्नचा जन्म १७९७ चा, लंडनजवळच्या ग्रीनिचचा. वडील ९ व्या पायदळ पलटणीत कॅप्टन. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात १८१३ साली नीव्हेलच्या लढाईत ते जखमी झाले होते. पोरगाही लष्करी शाळेत शिकून वडिलांच्याच पलटणीत दाखल झाला. गंमत अशी, की ज्या लढाईपायी त्याने पुढे सगळं आयुष्य खर्ची घातलं, त्या लढाईत तो नव्हताच. वॉटर्लू आटोपल्यावर तो फ्रान्सला पोचला आणि पॅरिसमधल्या विजयी फौजेत सामील झाला.

युद्ध संपलं आणि तरुण अधिकाऱ्यांच्या बढत्या थंडावल्या. सायबोर्नकडे मात्र एक वेगळं कसब होतं. जमिनीचा चढउतार मोजून तो कागदावर उतरवण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. याच विषयावर त्याने १८२२ आणि १८२७ मध्ये दोन पुस्तकं लिहिली. १८२६ पासून आयर्लंडमधल्या सरसेनापतीच्या कचेरीत तो सहायक लष्करी सचिव होता. म्हणजे रोजची कामं फायलींची आणि पत्रव्यवहाराची. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

१८३० मध्ये ब्रिटिश लष्कराचे प्रमुख लॉर्ड हिल यांनी त्याला काम दिलं. नव्या लष्करी संग्रहालयासाठी वॉटर्लूचा देखावा बनवायचा.

सायबोर्न थेट बेल्जियमला गेला आणि ला हे सांत या शेतघरात मुक्काम ठोकला. लढाईत याच घरासाठी दिवसभर मारामारी झाली होती. तिथे राहून आठ महिने त्याने रणांगण मोजलं. पण जमीन आता तशी राहिली नव्हती. लढाईत ऑरेंजचा राजपुत्र जखमी झाला, त्या जागी डच सरकारने १८२० ते १८२६ या काळात मातीची प्रचंड टेकडी उभारून वर लोखंडी सिंह बसवला होता. त्यासाठी लागलेली माती खणली कुठून, तर आजूबाजूच्याच जमिनीतून. वेलिंग्टनची फौज ज्या उंचवट्याच्या आडोशाने उभी होती, त्याचाच एक भाग स्मारकाने गिळला होता. त्यामुळे मूळ चढ कुठे आणि किती होता, हे लढाई पाहिलेल्यांकडूनच काढून घ्यायचं होतं.

त्यासाठी त्याने जे केलं, ते त्या काळात कुणी केलं नव्हतं. लढाईतून वाचलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्याने एकसारखं परिपत्रक पाठवलं, सोबत रणांगणाचा छापील नकाशा. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती? रांगेत होती की चौकोनात? समोर शत्रू कसा उभा होता? शेतात कोणतं पीक होतं? नकाशावर खूण करून परत पाठवा.

जवळपास सातशे पत्रं आली. कुणी दोन ओळींत उरकलं, तर कुणी पानंच्या पानं भरली. बर्लिनच्या प्रशियन जनरल स्टाफनेही माहिती दिली. फ्रेंचांकडून मात्र फारसं काही हाती लागलं नाही. हरलेल्या लढाईच्या देखाव्यासाठी कोण कशाला धडपडेल!

आता सातशे माणसांच्या इतक्या जुन्या आठवणी एकमेकींशी जुळणार कशा? सगळ्यात मोठा वाद इम्पीरियल गार्डला नेमकं कुणी पळवलं याचा. पहिल्या फूट गार्ड्स पलटणीला त्या पराक्रमासाठी लढाईनंतर लगेचच ग्रेनेडियर गार्ड्स हे नाव मिळालं होतं. पण ५२ व्या पलटणीचं म्हणणं, की बाजूने धडक देऊन गार्ड मोडली ती त्यांनी. त्या पलटणीच्या जॉर्ज गॉलरने १८३३ मध्ये यावर पुस्तकच काढलं आणि घोडदळाच्या सर हसी व्हिव्हियनने त्याला जाहीर उत्तर दिलं. सायबोर्न या भांडणाच्या मधोमध. पुस्तकात दोन्ही बाजू लिहून मोकळं होता येतं. देखाव्यात तशी सोय नसते. शिशाचा सैनिक एका वेळी एकाच जागी उभा करता येतो.

दुसरी अडचण मापाची. एक मैल जमीन त्याने नऊ फुटांत बसवली होती. या मापाने माणूस बनवायचा तर त्याची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याचा गणवेश काय रंगवणार आणि तो दिसणार कुणाला? दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना हा घोळ चांगला ठाऊक असतो. बाजारातला मावळा बुरुजाएवढा निघतो. सायबोर्नने तोड काढली ती अशी, की उंचीचं माप वेगळं ठेवायचं. जमिनीचा चढउतार त्याने लांबी-रुंदीच्या तिपटीहून जास्त वाढवून दाखवला, आणि सैनिक त्या वाढीव उंचीला शोभतील असे साधारण १० मिलिमीटरचे केले. पण मोठा सैनिक जागाही जास्त खातो. म्हणून एक आकृती म्हणजे दोन माणसं, असा हिशेब धरला. त्यामुळे पलटणींच्या रांगांची लांबी साधारण खरी राहिली. आजही युद्धाचे देखावे करणारे हौशी लोक याच पद्धतीची तडजोड करतात.

इकडे पैशांची बोंब सुरू झाली होती. सुरुवातीचा खर्च सरकारने दिला, पण १८३३ मध्ये नव्या व्हिग सरकारने हात आखडता घेतला. सायबोर्नने काम सोडलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्याने उसनवारी केली, वर्गणी मागितली, आणि डब्लिनची नोकरी सांभाळत काम चालू ठेवलं. पूर्ण होईपर्यंत खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला. एका लष्करी कारकुनाला हा आकडा कसा झेपणार?

आणि मग आला प्रशियनांचा प्रश्न.

वॉटर्लूत वेलिंग्टनकडे साधारण ६८ हजार फौज होती आणि त्यात खुद्द ब्रिटिश निम्म्याहूनही कमी. बाकी डच, बेल्जियन आणि वेगवेगळ्या जर्मन राज्यांचे. दुपारी साडेचारनंतर पूर्वेकडून ब्ल्युखरची प्रशियन फौज येऊ लागली आणि नेपोलियनच्या मागच्या प्लान्सन्वा गावात तुंबळ लढाई जुंपली. ती रोखायला नेपोलियनला राखीव फौज तिकडे पाठवावी लागली. रात्रीपर्यंत ४८ हजारांच्या आसपास प्रशियन मैदानात उतरले होते.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या आपल्या अहवालात वेलिंग्टनने प्रशियनांच्या मदतीचा आदराने उल्लेख केला होता. पण इंग्लंडात रुळलेली गोष्ट अशी होती, की गार्डचा हल्ला इंग्रजांनी मोडला, लढाई तिथेच जिंकली गेली, आणि प्रशियनांचं काम मुख्यतः पाठलागाचं. सायबोर्नने मात्र बर्लिनच्या माहितीवर विसंबून सात वाजता प्रशियन फौज मोठ्या संख्येने फ्रेंचांच्या बगलेत घुसलेली दाखवली. लेखी अहवालात एखादं वाक्य डोळ्याआड होऊ शकतं. हजारो निळे सैनिक होत नाहीत. देखावा पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळणार, की नेपोलियन दोन बाजूंनी कोंडला गेलाय.

वेलिंग्टनला हे पटलं नाही. त्याच्या वतीने दबाव आणणारा माणूस म्हणजे लष्करी सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट. याने वॉटर्लूतच उजवा हात गमावला होता. पुढे हाच लॉर्ड रॅग्लन झाला, ज्याच्या नावाची बाही अजून शिंपी शिवतात. त्याचा सल्ला आडून नव्हता: प्रशियनांची मांडणी चुकलीय, ती बदला. वेलिंग्टनच्या बाजूचा मुद्दा सगळाच अहंकाराचा होता असंही नाही. गार्ड मागे हटली त्या मिनिटाला प्रशियन नेमके किती पुढे आले होते, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. संध्याकाळी सात आणि साडेसात यांत त्या दिवशी जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि दोन फौजांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती.

सायबोर्न आधी बधला नाही. १८३८ मध्ये देखावा खुला झाला तो त्याच्याच मांडणीने. ज्या हॉलमध्ये तो मांडला होता, तिथेच १८१६ मध्ये नेपोलियनची बग्गी दाखवून लोकांकडून पैसा उभा केला गेला होता, आणि ती बग्गी वॉटर्लूनंतर पकडली होती प्रशियनांनी! लोकांनी सायबोर्नलाही भरभरून दाद दिली. पण तिकिटांच्या पैशातून त्याची देणी भागली नाहीत. सरकारने देखावा विकत घ्यावा म्हणून त्याने केलेले अर्जही वाया गेले. कर्ज डोक्यावर, बढती अडलेली, आणि बढती ज्यांच्या हातात होती तेच लोक नाराज.

शेवटी तो वाकला. आपली चूक झाल्याचं त्याने मान्य केलं आणि देखाव्यावरच्या बऱ्याचशा प्रशियन आकृत्या उचलल्या. त्याने हे का केलं, यावर इतिहासकार आजही भांडतात. एका बाजूला पीटर हॉफश्रोअर. त्यांच्या मते हा सत्तेने केलेला सरळसरळ छळ होता. दुसरी बाजू म्हणते, की नवे पुरावे तपासून सायबोर्नचं मत खरोखर बदललं, आणि आपल्या पुस्तकात त्याने तशी कारणंही दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. देणेकऱ्याला समोरच्याचा मुद्दा जरा लवकर पटतो.

ते पुस्तक म्हणजे १८४४ मध्ये दोन खंडांत आलेला वॉटर्लू मोहिमेचा इतिहास. सातशे पत्रांचा अर्क त्यात होता आणि ते चांगलं खपलं. त्याच वर्षी त्याने लढाईचा दुसरा देखावाही लोकांसमोर आणला. यात जागा कमी घेतली, माप मोठं केलं, मैलाला पंधरा फूट, आणि सैनिकही मोठे. क्षण निवडला तो दुपारी दोनच्या आसपासचा, ब्रिटिश घोडदळ फ्रेंच पायदळावर तुटून पडतं तो. त्या वेळी प्रशियन अजून लढाईत उतरलेच नव्हते. योगायोग असेलही. पण या खेपेला प्रशियन फौज कुठे उभी करायची, हे कुणालाच विचारावं लागलं नाही.

अशा देखाव्यांची मालिका करायचा त्याचा बेत होता. तो तिथेच थांबला. १८४३ मध्ये त्याला लंडनच्या चेल्सी भागात, सैनिकांच्या मुलांना सांभाळणाऱ्या रॉयल मिलिटरी असायलममध्ये सचिवाची नोकरी मिळाली होती. कॅप्टनच्या वर तो गेला नाही. जानेवारी १८४९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी तो वारला. पहिला देखावा तेव्हाही विकला गेला नव्हता. नंतर वर्गणी काढून युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने तो घेतला. म्हणजे ज्या संग्रहालयासाठी तो मुळात सांगितला होता, तिथे पोचायला त्याला वीस वर्षं लागली.

पत्रांचं बाड मुलाने सांभाळलं. मेजर जनरल हर्बर्ट टेलर सायबोर्नने त्यातली निवडक पत्रं १८९१ मध्ये छापली आणि मूळ पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर गंभीरपणे लिहिणाऱ्या कुणालाही ती टाळता येत नाहीत. मग तो वेलिंग्टनच्या बाजूचा असो की ब्ल्युखरच्या.

दुसरा देखावा लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. पहिला चेल्सीतल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये, सायबोर्न शेवटची वर्षं नोकरी करत होता त्या इमारतीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. गार्ड अजून तिथे त्याच उंचवट्यावर थबकलेली आहे. उचललेले प्रशियन मात्र जागेवर परत आले नाहीत.