विश्लेषण : शामराव परुळेकरांचा जीव घेणारा हृदयविकार आज रोखता येतो का?

डहाणू-तलासरीतील वारली उठावाचे नेते शामराव परुळेकर यांचे ३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत असताना हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यानंतरच्या अडीच दशकांत या आजारावरील उपचार पार बदलले. ते कसे, याविषयी...

कोण होते शामराव परुळेकर?

१९०२ मध्ये जन्मलेले शामराव सुरुवातीला भारत सेवक समाजात होते. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगारी न करण्याचा निर्धार झाला. पत्नी गोदावरी परुळेकर यांच्यासह शामरावांनी या लढ्याचे नेतृत्व केले. १९५७ मध्ये ते ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले.

हृदयविकाराचा झटका कशामुळे येतो?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतील थरात वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यामुळे हे लवकर होते. एखाद्या थराचे आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी तयार होते आणि धमनी बंद पडते. रक्त न मिळालेला स्नायू मरू लागतो. बहुतेक झटक्यांमागे हेच कारण असते.

१९६५ मध्ये कोणते उपचार होते?

वेदनाशामक, प्राणवायू, रक्त पातळ करणारी औषधे आणि काही आठवडे सक्तीची विश्रांती. परदेशात हृदयरुग्णांसाठीचे अतिदक्षता कक्ष नुकतेच सुरू झाले होते. बंद धमनी उघडण्याचा उपचार मात्र रूढ नव्हता.

त्यानंतर काय बदलले?

१९६७ मध्ये अमेरिकेत रेने फाव्हालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपासची पद्धत रुजवली. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने धमनी रुंद करणारी पहिली अँजिओप्लास्टी केली. १९८६ मध्ये स्टेंट आला. १९८८ मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, दोन्हींमुळे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. कोलेस्टेरॉल घटवणारी स्टॅटिन औषधेही याच दशकात आली.

डहाणू-तलासरीकरांसाठी याचा अर्थ काय?

आता लढाई वेळेशी आहे. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन रुग्णाला पुढे हलवावे, असे वैद्यकीय निकष सांगतात. मुंबई शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या या भागात हे महत्त्वाचे ठरते. पाड्यावरून रस्त्यापर्यंत येण्यातही वेळ जातो.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप ही लक्षणे दिसताच १०८ वर फोन करावा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढावा. महिला आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. पित्त समजून सकाळपर्यंत थांबू नये. शामरावांच्या काळी नसलेले उपचार आज आहेत; पण ते पहिल्या काही तासांतच सर्वाधिक उपयोगी पडतात.