विश्लेषण : सिफिलिसची ‘वासरमान चाचणी’ नेमके काय शोधत होती?

रक्ताची तपासणी करून सिफिलिस म्हणजे उपदंशाचे निदान करणारी पहिली चाचणी ज्यांच्या नावाने जगभर ओळखली गेली, ते ऑगुस्ट फॉन वासरमान जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ होते. २१ फेब्रुवारी १८६६ रोजी बव्हेरियातील बाम्बेर्ग येथे त्यांचा जन्म झाला. १८८८ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढे बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत दाखल झाले.

चाचणी कशी होती?

सिफिलिसचा जीवाणू १९०५ मध्ये सापडला, पण प्रयोगशाळेत तो वाढवता येत नव्हता. म्हणून १९०६ मध्ये वासरमान, आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी या रोगाने मृत जन्मलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला. त्यात जीवाणू खच्चून भरलेले असत. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे या अर्काशी जुळली, की रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ हा घटक खर्ची पडतो. मग मेंढीच्या लाल पेशी आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे मिसळायची. पेशी फुटल्या तर कॉम्प्लिमेंट शिल्लक आहे, म्हणजे रोग नाही. शाबूत राहिल्या तर ‘पॉझिटिव्ह’. मूळ पद्धत बेल्जियमच्या ज्यूल बॉर्दे यांची. त्यांना पुढे नोबेल मिळाले, वासरमान यांना नाही.

मग चूक कुठे झाली?

वर्षभरातच लक्षात आले, की निरोगी ऊतींचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच चालते! म्हणजे ही प्रतिपिंडे जीवाणूविरुद्धची नव्हतीच. ती पेशींमधील एका स्निग्ध पदार्थाविरुद्धची होती. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो वेगळा काढला. त्याचे नाव कार्डिओलिपिन. सिफिलिसमध्ये ही प्रतिपिंडे वाढतात, म्हणून तर्क चुकूनही चाचणी उपयोगी ठरली.

मात्र मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, क्वचित गर्भारपण यांतही ती वाढतात. त्यामुळे ज्यांना हा रोग कधी झालाच नाही, त्यांचाही अहवाल पॉझिटिव्ह येई. त्या काळी अशा अहवालाचा अर्थ केवळ आजार नव्हता. चारित्र्यावरचा डाग होता. अमेरिकेत कनेक्टिकटने १९३५ मध्ये विवाहापूर्वी रक्ततपासणी सक्तीची केली, इतर राज्ये त्यामागोमाग गेली. ठरलेले लग्न एका कागदावर अडू शकत होते. उपचार म्हणून आर्सेनिकयुक्त, विषारी औषधे टोचली जात. १९५२ मध्ये जोसेफ मूर आणि चार्ल्स मोर यांनी अशा खोट्या पॉझिटिव्हचे तात्पुरते आणि दीर्घकाळ टिकणारे असे दोन प्रकार मांडले. दुसऱ्या प्रकारातील अनेकांना पुढे ल्युपस झाल्याचे आढळले.

वासरमान तोवर हयात नव्हते. १९१३ पासून बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेच्या प्रायोगिक उपचार विभागाचे संचालकपद सांभाळत असताना १६ मार्च १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे गरोदर महिलांची जी ‘व्हीडीआरएल’ चाचणी होते, ती याच वंशातली. तीही कार्डिओलिपिनवरच चालते. म्हणून ती पॉझिटिव्ह आल्यास थेट जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी ‘टीपीएचए’सारखी दुसरी चाचणी करून खात्री केली जाते.