विहिरीच्या तळाशी उतरलेली रहमत : इमाम सरख्सी (रह.)

अल्लाहची रहमत म्हटली की मशिदीतील फजरची शांतता, रमजानच्या रात्री, काबागृहाचे दर्शन आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. कोरड्या विहिरीचा तळ मात्र सहसा कोणास आठवत नाही. आज आपणांस तेथेच घेऊन जावयाचे आहे.

इमाम सरख्सी (रह.) हे हिजरी पाचव्या शतकातील हनफी फिकहचे थोर विद्वान. इमाम हलवानी (रह.) हे त्यांचे उस्ताद. लोक त्यांना आदराने 'शम्सुल अइम्मा', अर्थात इमामांचा सूर्य म्हणत. त्यांनी दिलेला एक प्रामाणिक उपदेश सत्ताधीशास रुचला नाही. परिणामी फरगाना खोऱ्यातील उजगंद येथे, आजच्या किरगिझस्तानात, त्यांना कैदेत टाकण्यात आले. विहिरीसारख्या खोल खड्ड्यात हा सूर्य बंदिस्त झाला.

तेथे ग्रंथ नव्हते. शिष्य मात्र आले. ते काठावर बसत, इमाम तळातून स्मरणाच्या बळावर सांगत आणि वर लेखण्या चालत. 'अल-मबसूत' हा ग्रंथ असा आकारास आला. आज तो छापील 30 खंडांत उपलब्ध असून आपल्याकडील हनफी आलिम व मुफ्ती आजही त्याचा आधार घेतात.

आता क्षणभर विचार करा. नमाज, जमाअत व जुमा यांचे नियम ते बारकाईने उलगडून सांगत होते. पण स्वतः जुमा आणि जमाअतपासून वंचित होते. हे दुःख त्यांनी लपविले नाही. उपासनाविषयक भागाच्या समाप्तीस त्यांनी आपल्या या वंचिततेची नोंद करून ठेवली आहे. यावरून ध्यानात येते की, सब्र करणाऱ्याचेही काळीज दुखते. तो फक्त आपले काम सोडत नाही.

सुटकेस दहाहून अधिक वर्षे लागली. तोवर अल्लाहची कृपा थांबली होती काय? मुळीच नाही. ती काठावर बसलेल्या शिष्यांच्या रूपाने येत होती. हजरत यूसुफ (अ.) यांनाही विहीर आणि तुरुंग दोन्ही भोगावे लागले, आणि तुरुंगातच त्यांनी सोबतच्या कैद्यांना तौहीदची शिकवण दिली.

वाचकहो, आजारी आईच्या उशाशी बसल्यामुळे आपली तरावीह हुकत असेल, रोजगार गेल्याने घरात मान खाली घालून वावरावे लागत असेल, तर ती आपली विहीर समजा. तिला सुख म्हणण्याची सक्ती आपणांवर नाही. सुटकेची दुआ अवश्य करा. पण वर पाहताना केवळ दोरी शोधू नका. काठावर कोण येऊन बसले आहे आणि आपल्यापाशी त्याला देण्याजोगे काय आहे, तेही पाहा.

अल्लाह आपणां सर्वांस ही दृष्टी प्रदान करो. आमीन.