रेंब्रांट आणि त्याचीं व्यक्तिचित्रें

जो पैसे देऊन आपली तसबीर काढवितो, तो चित्रकाराच्या कुंचल्याचाही धनी होतो काय? हॉलंडचा विख्यात चित्रकार रेंब्रांट ह्याच्यापुढें हा प्रश्न जन्मभर उभा होता.

रेंब्रांटचा जन्म लायडन शहरीं १५ जुलै १६०६ रोजीं एका पवनचक्कीवाल्याच्या घरीं झाला. कलेचें शिक्षण घेऊन तो इ. स. १६३१ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथें स्थायिक झाला. त्या व्यापारी नगरांतील श्रीमंतांस आपल्या तसबिरींची मोठी हौस असे. निरनिराळे संघ वर्गणी जमवून सर्व सभासदांचें एकत्र चित्र काढवीत. त्यांत बहुधा मुखें ओळीनें मांडलेलीं असत. १६३२ सालीं रेंब्रांटनें शस्त्रवैद्यांच्या संघासाठीं डॉ. तुल्प ह्यांच्या शरीरविच्छेदनाच्या पाठाचें चित्र काढिलें. त्यांत कोणी पुढें वांकून पाहत आहे, कोणी लक्षपूर्वक ऐकत आहे. चित्र पाहून लोक त्याच्याकडे धांव घेऊं लागले.

१६४२ सालीं त्यानें नगररक्षकांच्या एका तुकडीचें प्रचंड चित्र पुरें केलें. तेंच पुढें ‘रात्रीचा पहारा’ ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालें. प्रत्येकानें सरासरी १०० गिल्डर दिले होते. तरी कांहींचीं मुखें प्रकाशांत, तर कांहींचीं अर्धवट झांकलेलीं आहेत. ह्या चित्रामुळेंच त्याचा ऱ्हास झाला, ही आख्यायिका मात्र निराधार आहे. चित्र तुकडीच्या सभागृहांत सन्मानानें लागलें.

१६५४ सालीं एका व्यापाऱ्यानें तक्रार केली कीं, एका तरुणीचें काढविलेलें चित्र तिच्यासारखें दिसत नाहीं; तें सुधारावें, नाहीं तर आगाऊ दिलेले ७५ गिल्डर परत करावे. रेंब्रांटनें कळविलें कीं, उरलेली रक्कम मिळाल्याशिवाय आपण कुंचल्यास हात लावणार नाहीं. मग साम्य आहे कीं नाहीं, हें चित्रकारसंघाच्या प्रमुखांनीं ठरवावें. त्यांनीं नाहीं म्हटल्यास चित्र सुधारूं. गिऱ्हाइकाच्या लहरीपेक्षां जाणत्यांचा न्याय त्यास मान्य होता.

घराचें कर्ज व दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहाचा छंद ह्यांमुळें १६५६ सालीं त्याचें दिवाळें निघालें. पण हात खचला नाहीं. १६६२ सालीं त्यानें कापडाची पारख करणाऱ्या पांच अधिकाऱ्यांचें व त्यांच्या सेवकाचें चित्र पुरें केलें. क्ष-किरणांनीं तपासतां असें आढळलें कीं, त्यानें सेवकाची जागा अनेकदां बदलली होती. येथें प्रत्येक मुख स्पष्ट आहे, आणि तरीही एक जण आसनावरून अर्धवट उठत आहे, जणूं कोणी नुकतेंच दार उघडून आंत आलें आहे. गिऱ्हाइकाचें समाधान व कलेचें सत्य ह्यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

४ ऑक्टोबर १६६९ रोजीं तो निर्धन स्थितींत वारला. विद्यार्थिमित्रांनो, ज्याचें वेतन घ्यावें त्याचें काम चोख करावें. पण कामांतील सत्य त्यास विकूं नये, हाच ह्या चरित्राचा बोध होय.