मगनवाडीतले कुमारप्पा



वर्ध्याच्या मगन संग्रहालयावरून आपण कितीदा तरी गेलो असू, खादी घ्यायला आतही डोकावलो असू. पण त्या मगनवाडीत आपली उमेदीची वर्षे घालवणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाचे नाव आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते. ते नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, पुढे मुंबईत त्यांची स्वतःची पेढी चांगली चालली. १९२७ मध्ये अमेरिकेला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सरकारी अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. आपला देश गरीब का, याचे उत्तर त्यांना सरकारी जमाखर्चातच सापडू लागले. तो प्रबंध घेऊन ते ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींना भेटले. सूतकताई करत बसलेला म्हातारा म्हणजेच गांधीजी, हे त्यांना आधी कळलेच नाही. कळल्यावर इस्त्रीच्या सुटातच ते सारवलेल्या जमिनीवर बसले. पेढी सुटली ती कायमची.

डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे सचिव झाले आणि झोपडीत राहू लागले. काम कसले? तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचे तांदूळ. रॉकेलऐवजी गावच्या तेलावर जळणारा मगनदीप तिथेच तयार झाला. त्यांची हिशेबाची विद्या वाया गेली, असे मात्र कोणी समजू नये. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याला दिवसाला तीन आणे ठरले होते, आणि खुद्द गांधीजींच्या मंडळींचा खर्चही त्यांनी त्या निधीतून करू दिला नाही!

असा माणूस समाधानी होता का? शांत तर नव्हताच. रागीट म्हणून ते प्रसिद्ध होते. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांशीही ते भांडले. वारंवार तुरुंगात गेले. पण आपण चुकीच्या जागी आलो, असे त्यांच्या वागण्यात कधी दिसले नाही.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, फादर, त्यांनी निवडले, आम्हाला कुठे निवड आहे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणारा, कापसाला भाव न मिळालेला शेतकरी, यांना वेदीजवळून समाधानाचा उपदेश करणे फार सोपे असते. कुमारप्पांनी तो केला नाही. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात त्यांनी कामाची तुलना अन्नाशी केली आहे. अन्नाने शरीर पोसते तसा कामाने माणूस घडतो. त्यात कष्टाचा भाग असतो आणि आनंदाचाही, आणि दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला यायला हवेत. आनंद एकाने उचलायचा आणि कष्ट दुसऱ्यावर टाकायचे, हा त्यांच्या लेखी अन्याय होता. म्हणून आपल्या कामात समाधान मानणारा माणूस दुसऱ्याच्या मजुरीबद्दल गप्प बसू शकत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण ज्यावर तासन्‌तास वाद घातला असता, ते या माणसाने घाणीजवळ उभे राहून मांडले.

पुढे ते आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करत राहिले. रक्तदाबाने थकल्यावर मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले. त्यांच्या झोपडीत गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब शेतकऱ्याचेही चित्र होते, असे सांगतात. पाहुण्याने विचारले, की गांधीजी आपले गुरू आणि हा शेतकरी गुरूंचाही गुरू, अशी ते ओळख करून देत. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांना देवाज्ञा झाली.