हवा मोजायला स्वतः आभाळात गेलेला जेम्स ग्लेशर

सकाळी उठलं की आपण आधी मोबाईलवर हवामान बघतो. आता तर विमानातून लेसरचा किरण सोडतात. तो हवेतल्या धुळीवर, थेंबांवर आपटून परत येतो आणि कोणत्या उंचीवर काय आहे ते कळतं. यातलं काहीच नव्हतं तेव्हा इंग्लंडमधला एक माणूस स्वतःच वर गेला, जेम्स ग्लेशर.

जन्म १८०९ चा, लंडनच्या रॉदरहाइथ भागातला. बाप घड्याळं बनवणारा. आयर्लंडात जमीन मोजणीच्या कामावर असताना डोंगरावर धुक्यात अडकून पडायचा, तिथंच ढगांचा नाद लागला. पुढं ग्रीनिच वेधशाळेत हवामान विभागाचा प्रमुख झाला. दव कधी धरेल याचे तक्ते त्यानं तयार केले. आपल्या द्राक्षवाल्यांना दवाचं महत्त्व वेगळं सांगायला नको!

५ सप्टेंबर १८६२. वय ५३. वुल्व्हरहॅम्प्टन गावातून हेन्री कॉक्सवेल या फुगेवाल्याबरोबर ग्लेशर गॅसच्या फुग्यातून निघाला. सोबत थर्मामीटर, बॅरोमीटर आणि सहा कबुतरं. वर सोडलेलं एक कबूतर दगडासारखं खाली गेलं. २९,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ एव्हरेस्टएवढ्या उंचीवर, ग्लेशरला पारा दिसेना, हात उचलेना. मग तो बेशुद्धच पडला. फुगा मात्र वरच चाललेला.

गॅस सोडायची दोरी गुंतली होती. ती सोडवायला कॉक्सवेल वरच्या कडीवर चढला. थंडीनं हात बधिर झाले, बोटं काळी पडली. शेवटी त्यानं दोरी दातात धरून ओढली, म्हणून दोघं वाचले. ग्लेशर शुद्धीवर आला, कॉक्सवेलच्या हातावर ब्रँडी ओतली आणि पेन्सिल घेऊन पुन्हा आकडे लिहायला बसला. फुगा रानात उतरला. गाडी मिळेना, म्हणून सात-आठ मैल पायी गेला.

आपण ३७,००० फुटांवर पोचलो असं त्याचं म्हणणं होतं. ते बऱ्याच जणांना पटलं नाही, आणि बेशुद्ध माणसाचा अंदाज तो, मलाही पटत नाही. पण उंचीबरोबर थंडी एकसारखी वाढत नाही, मध्येच उबदार थर लागतात, हे त्याच्या नोंदींतून दिसलं.

एवढं होऊनही १८६६ पर्यंत तो फुग्यातून वर जातच राहिला. १९०३ साली वारला, वयाच्या ९३ व्या वर्षी, जमिनीवर.